लपवून दिलेलं तेल

अक्का गेल्याचं मला सुमीनं सांगितलं. आम्ही आता साताऱ्याला राहतो. घरात फोन नाही, म्हणून सांगलीचा ट्रंककॉल आला तो खालच्या किराणा दुकानात. हाका ऐकून मी पदर सावरत जिना उतरले, रिसीव्हर कानाला लावला, तर पलीकडे दहा वर्षांची पोर. "बाई, आमची अक्का गेली," एवढंच बोलली, आणि मग नुसती खरखर... फोन तिच्या वडिलांनी जोडून दिला होता, पण सांगायचं काम तिनं हट्टानं मागून घेतलं होतं, हे नंतर कळलं. तिचा हक्कच होता तो. सुमी आज डोळ्यांनी धड बघते ती अक्कांमुळे. आणि एकदा ती मरणाच्या दारात जाऊन आली, त्यातही अक्कांचा हात होता. दोन्ही गोष्टी त्या घरात सगळ्यांना ठाऊक आहेत आणि त्यावरून कुणी कुणाला कधी बोल लावत नाही. अक्कांना जाऊन आता महिना होऊन गेला, तरी मी त्यांच्यासंबंधी काही लिहायला बसले की आधी हीच हकिगत आठवते.

माझे यजमान पलटणीत होते तेव्हा मी शाळेच्या नोकरीपायी सांगलीत भाड्यानं राहत असे. भिंतीला भिंत लागून जैनांचं घर, पेठेत हळदीची अडत असलेलं. अक्का त्या घरची थोरली सून. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा वारला, मूलबाळ नाही. पण सासूनं चूल त्यांच्या हाती दिली होती आणि ती कधी काढून घेतली नाही. पाणी गाळून घ्यायचं, दिवस मावळायच्या आत जेवायचं, जमिनीखाली पिकतं ते काही खायचं नाही, हे सगळं अक्का इतकं नेमानं पाळत की देवळातल्या बायका शंका आली तर त्यांनाच विचारायच्या. माझ्या घरी मात्र सुकट भाजली जायची. पहिल्यांदा वास पलीकडे गेला तेव्हा त्या परड्याच्या भिंतीवरून म्हणाल्या, "मास्तरीण, वारं बघून तरी भाजत जा की गं. आत्याबाई जेवायच्या थांबल्यात." सासूला त्या आत्याबाई म्हणत. मी ओशाळले, त्या हसल्या, आणि तिथून आमची मैत्री जमली. पुढं मी खरोखरच वारं बघून सुकट भाजायला लागले.

सुमी ही अक्कांच्या दिराची, अण्णांची मुलगी. बहात्तरचा दुष्काळ नुकता सरला होता तेव्हा ती चारेक वर्षांची असेल. तिला गोवर निघाला, त्यातून उठली ती काडीसारखी होऊन. तिला तिन्हीसांजेनंतर दिसेनासं झालंय हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. कसं येणार? उजेडी जेवणारं घर ते. अंधारात पोरीपुढं कधी ताट ठेवलंच नव्हतं. एके दिवशी तिन्हीसांजेला माझ्याकडून परत जाताना ती उंबऱ्याला अडखळली. अक्कांनी हात पुढं केला तर तो सोडून भलतीकडंच चाचपडायला लागली. अक्का खालीच बसल्या. तिच्या डोळ्यांपुढं बोटं हलवत म्हणाल्या, "सुमे, ही किती हायत गं?" पोर म्हणाली, "कुठं?"

आळीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, गोवरानंतर होतं असं, अ जीवनसत्त्व कमी पडलंय. माशाच्या लिव्हरचं तेल रोज लहान चमचाभर द्या आणि काही दिवसांनी परत दाखवा. घरची आजी, म्हणजे अक्कांची सासू, लगेच म्हणाली, "आमच्यात न्हाई चालायचं त्ये." डॉक्टर म्हणाले, मग गाजर द्या. "त्ये बी जिमिनीखालचं." तेव्हा डॉक्टरांनी पपई, शेवग्याचा पाला, दूध-लोणी सांगितलं, पण जाता जाता म्हणाले, "याला वेळ लागेल आजी, आणि डोळे तोवर थांबतील याचा भरवसा मी देणार नाही." आजी दुष्ट नव्हती. जन्मभर जे पाळलं ते नातीसाठी मोडायचं कसं, हे तिला उमजत नव्हतं.

त्याच आठवड्यात अक्का माझ्याकडे आल्या. "मी दुकानात गेले तर गाव बघंल. तू आणशील?" मी बाटली आणली आणि लोणच्याच्या बरण्यांमागं ठेवली. रोज शाळा सुटल्यावर त्या सुमीला घेऊन यायच्या, पदरानं नाक झाकून चमचा तिच्या तोंडाशी न्यायच्या. देताना त्यांचे ओठ हलत असत. णमोकार मंत्र म्हणत असाव्यात, मी विचारलं नाही. मग वेलदोड्याचा दाणा तिच्या जिभेवर. "ह्यो तोंडात धर. आणि आजीला सांगायचं न्हाई." त्या दिवसांत आजी एकदा म्हणालीसुद्धा, "ह्या पोरीच्या तोंडाला सदानकदा लाडवासारखा वास कसा गं येतोय?" आम्ही दोघी भिंतीआड तोंड दाबून हसलो.

गुण आला. पोर दिवेलागणीला अंगणात पळायला लागली आणि आजीनं सगळं श्रेय पपईला दिलं. मी अक्कांना म्हटलं, आता बंद करायचं का? "गुण आलाय त्यो ऱ्हाऊ दे की. जरा अंगात मुरू दे." तोवर लहान चमचा जाऊन पोह्यांचा आला होता. आपल्याकडे चांगल्या गोष्टीला माप नाही. तूप वाढताना खाणारा हात आडवा धरतो तरी वाढणारी एक धार जास्तच सोडते. आजही साताऱ्यात शेजारणी पोरांना टॉनिकं पाजत असतात. विचारलं तर म्हणतात, तेलच तर आहे, त्यानं काय होतंय? माझं डोकं फिरतं. डॉक्टरांनी परत दाखवायला सांगितलं होतं, पण न्यायचं काय सांगून? घराच्या लेखी तेल आलंच नव्हतं, मग ते थांबवायला सांगणार कोण?

पुढं काही महिन्यांनी सुमी चिडकी झाली. जेवेना. ओठ फुटले, तळहाताची साल निघायला लागली, वेणी घालताना केस मूठमूठ हाताला यायचे. उचलून घेतलं की किंचाळायची, नडग्यांना हात लावू द्यायची नाही. डोकं धरून ओकायची. आजीनं दृष्ट काढली, नवस बोलली. अक्का मात्र रोज माझ्याकडे येऊन तेल देतच होत्या. म्हणायच्या, पोर अशक्त झालीय, आता तर जास्तच लागंल... शेवटी सुमी ग्लानीत जायला लागली तेव्हा अण्णांनी तिला सांगलीतल्याच एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. सोबत आजी, सुमीची आई विमल आणि अक्का. अक्कांनी मलाही ओढून नेलं.

डॉक्टरांनी तिचे डोळे, ओठ, नडग्या बघितल्या आणि विचारलं, "हिला कुठलं तेल, टॉनिक काही देता का?" आजीनं ठणकावलं, "आमच्या घरात तसलं काय येत न्हाई, डाक्टर." मी अक्कांकडे बघितलं. त्या घरात त्यांचं म्हणून जे काही होतं ते त्यांच्या नेमामुळं होतं. नवरा नाही, मूल नाही. चूल होती, आणि देवळातला मान. दोन्ही त्या क्षणी जाणार होती.

"मी दिलंय," अक्का म्हणाल्या. "माशाचं तेल. रोज दिलंय, आवं आत्याबाई..."

आजी वळून बघेपर्यंत विमल बोलून गेली. "मी बी दिलंय. सकाळी, न्हाणीत." आणि भिंतीला टेकलेले अण्णा मान खाली घालून पुटपुटले, "दुपारी दुकानात... मी बी देतोय." तिघांनीही वरून वेलदोडाच दिला होता. डॉक्टरांनी विचारलं, चमचा कुठला? लहान चमचा एकाचाही नव्हता.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, हे जीवनसत्त्व जास्त झालं तरी शरीर ते बाहेर टाकत नाही, यकृतात साठवत राहतं. साठा वाढत गेला की जे औषध म्हणून दिलं तेच अंगावर उलटतं. तेल वाईट नाही, पण त्यालाही माप आहे आणि मुदत आहे. "आज या बाई बोलल्या नसत्या तर मी मेंदूचा आजार शोधत बसलो असतो," असं म्हणून त्यांनी अक्कांकडे बघितलं. तेल त्याच दिवशी बंद झालं. हळूहळू उलट्या थांबल्या, दुखणं गेलं, आणि तिच्या डोक्यावर नवं मऊ जावळ आलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्यावरून हात फिरवून घेतला.

त्या दिवशी घरी आल्यावर अक्कांनी चुलीपुढं न जाता सासूला सांगितलं, "आत्याबाई, आजपासनं सैपाक विमलकडं द्या." आजी म्हणाली, "तिनं बी दिलंय की. आता मी कुणाच्या हातचं खाऊ? घरात मी एकटीच शुद्ध उरले व्हय?" आणि रडायलाच लागली. "मला सांगायचं व्हतं गं. मी न्हाई म्हणले असते, भांडले असते, पण एकानं दिलं असतं, एकच चमचा दिला असता..." तिला एवढं रडताना त्या घरानं कधी पाहिलं नव्हतं. अक्कांनी तिला पाणी दिलं आणि मग चूल पेटवली.

अक्कांनी पुढं कितीतरी उपास केले. मी एकदा चिडून म्हटलं, औषधच तर दिलंत, त्याची एवढी शिक्षा कसली घेता? त्या म्हणाल्या, "माशाचं धुवून निघंल गं मास्तरीण. पण मला वाटलं, ह्या घरात पोरीची माया एकट्या मलाच हाय. त्याचं काय करू?"

गेल्या महिन्यात मी सांगलीला गेले, तर अंत्यविधी आटोपला होता. छातीच्या दुखण्यानं अक्का दोन दिवसांत गेल्या होत्या. आजी खाटेवर होती, डोळ्यांनी पार अधू झालेली. सुमीनं तिच्या तळहातावर रक्तदाबाची गोळी ठेवली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "अक्का, आजीला गोळी दिली गंऽ!" त्या दुखण्यानंतर त्या घरात पडलेली रीत होती ती. कुणी कुणाला काही औषध दिलं की मोठ्यानं सांगायचं, आणि आतून अक्का म्हणायच्या, "ऐकलं." ते कानावर आल्याशिवाय आजी गोळी तोंडात टाकत नसे.

पोरीच्या तोंडून हाक निघून गेली होती. तिनं तोंडावर हात दाबला. विमल दारात होती, पण तिला बोलवेना. अण्णांनी मान फिरवली. आजी तळहात तसाच उघडा धरून, कान देऊन बसली... मग तिनं चाचपडत सुमीचं मनगट धरलं.

"ऐकलं असंल तिनं," आजी म्हणाली. "आण पाणी."