देवळापुढं सुटलेला ठेका

“उतर बे. देऊळ आलं.”

सोसायटीच्या चेअरमनचा पुतण्या ट्रकवर काठी आपटून म्हणाला. चेअरमनच्या मुलाची वरात मारुतीसमोर आली होती. आमच्यातल्या वाजवणाऱ्यांनी इथं बाजूला व्हायचं, मागच्या गल्लीनं वळसा घालून पुढं वरातीला मिळायचं, ही गावची रीत. आजोबा हलगी घेऊन असेच जात. बौद्ध झाल्यावर त्यांनी हलगी टाकली. मी डीजे झालो. मशीनला जात नसते असं वाटलं होतं.

“बंद करू?”

“मशीन वाजू दे. तू उतर.”

दुष्काळ होता. टँकर कुठल्या वस्तीवर थांबणार, ते चेअरमन ठरवत. मी उतरलो.

दोन्ही प्लेअर चालू होते. एकावर गाणं, दुसऱ्यावर ब्रेक. गाणारा आणि बाकीची वाद्यं थांबून नुसता ताल उरतो, तो तुकडा म्हणजे ब्रेक. पोरं नाचतात ती त्याच्यावर. तो फिरवत ठेवायचा आणि त्यावर पुढचं गाणं आणायचं. दोघांचा वेग कानानं जुळवावा लागतो. जुळला तरी सुटत राहतो. प्लेअरच्या चाकावरून बोट काढता येत नाही.

गल्लीतून मी ऐकत होतो. आधी ठेका जाड झाला. मग दुहेरी. मग जिन्यावरून डबे गडगडावेत तसा. नाचणाऱ्यांचे पाय अडखळले. कुणीतरी फिसकन हसलं.

“ए डीजे! चढ बे वर, लवकर!”

“देवळापुढं?”

“चढ म्हणलं ना!”

अडलं की रीत वाकत होती. मी चढलो आणि दोन्ही आवाज खाली ओढले. वरात जागच्या जागी उभी राहिली.

“वाजव की आता,” चेअरमन म्हणाले.

“वाजवतो. पण पुन्हा उतरणार न्हाई. ह्या देवळापुढं न्हाई, कुठल्याच न्हाई.”

पुतण्यानं वायर उपटली. “निघ. टँकर कसा येतो बघतो.”

दुसऱ्या दिवशी टँकर वस्तीवर थांबला नाही. आई रिकाम्या घागरींपाशी बसून होती.

“उतरला असता तर काय बिघाडलं असतं रं?”

तिची तहान खरी होती. वडील म्हणाले, “आज्यानं हलगी कशापायी टाकली, ते इचार की मला.” तिनं विचारलं नाही. उठली, घागर कमरेवर घेतली.

सगळी वस्ती चेअरमनच्या दारात गेली. मागच्या गल्लीनं नाही, देवळासमोरून. दार उघडलं नाही. घागरी रिकाम्याच परत आल्या.

उद्या पुन्हा जाऊ. त्याच रस्त्यानं.