ओलकाकांचा चीन

ओलकाका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीशी बोलत, मग माणसांशी. बूट काढता काढताच बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक करत, कान तिरका करत आणि डॉक्टरने रिपोर्ट सांगावा तशा आवाजात म्हणत, "ओल आहे." त्यांचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण कार्डिफच्या आमच्या मराठी मंडळात ते कुणी वापरत नसे. जन्मभर कौन्सिलमध्ये, तिथल्या नगरपालिकेत, बिल्डिंग सर्व्हेअर होते आणि आता निवृत्त झाले होते, म्हणजे पगार थांबला होता. सर्व्हे चालूच होता.

प्रसंग कुठला आहे, याचा त्यावर काही परिणाम होत नसे. बाळ बघायला गेले तर पाळण्यामागचा कोपरा बघून येत. मंडळातले एक आजोबा गेले तेव्हा सगळे खाली मान घालून बसले होते. काका एकटे वर बघत होते. जरा वेळाने त्यांनी आजोबांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. आता हे काहीतरी धीराचं बोलतील, असं आम्हांला वाटलं. ते हळू आवाजात म्हणाले, "गटर तुंबलंय. पाणी आत येतंय." खिशात पेन असावं तसा ओल मोजायचा मीटर असे, आणि तो भिंतीला लावून आकडा यजमानीणबाईंना दाखवत. यजमानीणबाई त्यानंतर चहात साखर घालायला विसरत.

माझ्या घराच्या वास्तुशांतीलाही हेच झालं. मी आणि माझ्या बायकोने, मेधाने, खूप शोधून जुनं टेरेस्ड घर, म्हणजे दोन्हीकडे शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लागून असलेलं रांगेतलं घर, घेतलं होतं, पुण्याहून सासूबाई आल्या होत्या. सत्यनारायणाच्या चौरंगामागच्या भिंतीवर काकांनी टकटक केली आणि आरती संपायच्या आत निकाल दिला. वर एक सुविचारही दिला: "एस्टेट एजंट खिडकी दाखवतो तेव्हा आपण भिंत बघायची असते." सासूबाई परत जाईपर्यंत रोज सकाळी त्या भिंतीला हात लावून बघत आणि माझ्याकडे बघत. दोन महिन्यांनी कपाट हलवलं, तर मागे खरंच काळा डाग निघाला. ते खरे ठरले, याबद्दल मी त्यांना कधीच क्षमा केली नाही.

जगातल्या एकाच ठिकाणावर काकांचा विश्वास होता, आणि तिथे ते कधी गेले नव्हते. चीनमधलं कालव्यांच्या काठचं एक जुनं गाव. शिकत असताना कुठल्याशा पुस्तकात त्यांनी त्याचे फोटो पाहिले होते: पांढऱ्या भिंती, काळी कौलं, घराच्या मधोमध उघडा चौक आणि एकही खिळा न मारता एकमेकांत अडकवलेली लाकडं. दर गणपतीत कम्युनिटी हॉलमध्ये त्यांना या विषयावर दहा मिनिटं दिली जात आणि ते चाळीस घेत. नऊवारी नेसलेल्या मुली लेझीम घेऊन विंगेत ताटकळत उभ्या, आणि काका स्टेजवर पेन्सिली एकमेकींत अडकवून तुळया दाखवताहेत. "खिळा म्हणजे सुताराने मागितलेली माफी," हे वाक्य आलं की भाषण अर्ध्यावर आलं, असं आम्ही समजत असू. पहिल्या रांगेत काकू बसलेल्या असत. दर वर्षी तेच भाषण त्या नव्याने ऐकत.

शेवटी मंडळाच्या दहाबारा जणांनी चीनची सहल ठरवली, तेव्हा ते गाव काकूंच्या हट्टाने यादीत आलं. काकूंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली होती. व्यायामाच्या वेळी मनात ते गाव ठेवूनच पायऱ्या चढले, असं त्या मेधाला सांगत होत्या. शांघायहून दोन तास बसने गेलो. वेशीतून आत शिरलो आणि पुस्तकातलं चित्र समोर उभं राहिलं. कालवा, कमानीचे दगडी पूल, लाल कंदील, उंच उंबरे. काकू काठी मेधाकडे देऊन एकेक उंबरा ओलांडत होत्या आणि भेटेल त्या खांबाला हात लावून विचारत होत्या, "हाच का हो तो? बिनखिळ्याचा?"

काका म्हणत, "हो, हाच."

त्यांचे हात मागे बांधलेले होते. टकटक नाही, मीटर नाही. म्हातारा भारावलाय, असं मला वाटलं. मग एका चौकात खांबाच्या बुडाशी माझी नजर गेली. लाकडाची पातळ पट्टी सुटून आली होती आणि आत करडं सिमेंट दिसत होतं. शेजारचा खांब पाहिला, तोही तसाच. इतक्या वर्षांत एवढा आनंद मला झाला नव्हता. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "काका, हे सिमेंट आहे. वर नुसतं लाकूड चिकटवलंय. तुमच्यासारख्या सर्व्हेअरच्या लक्षात नाही आलं?"

काकूंचा हात त्या खांबावर होता. त्यांनी तो काढला आणि कोटाला पुसला. काका वाकले, पट्टी पाहिली, म्हणाले, "असं होय." आमची गाइड हसतमुख मुलगी होती. जुनं गाव फार पडायला आलं होतं, म्हणून ते पाडून त्याच जागी हुबेहूब जुनं गाव नवीन बांधलंय, असं तिने अभिमानाने सांगितलं. सगळे हसले. मी सगळ्यांत जास्त हसलो. काकू उरलेला वेळ चहाच्या दुकानात बसून राहिल्या. पूल बघायला चला म्हटलं, तर पाय दुखतात म्हणाल्या.

त्या वर्षी गणपतीत काका स्टेजवर आले आणि दोन मिनिटांत खाली उतरले. इतकी वर्षं मी ज्या गावाचं कौतुक सांगितलं ते सिमेंटचं निघालं, असं त्यांनी सरळ सांगितलं. मग माझ्याकडे बोट केलं: "माझ्या लक्षात आलं नाही. याच्या आलं." टाळ्या पडल्या. मी उभा राहून नमस्कारसुद्धा केला. लेझीम वेळेवर सुरू झालं, आणि पुढे कितीतरी दिवस मी तो खांब प्रत्येक पार्टीत सांगत होतो.

पुढच्या उन्हाळ्यात दोघं एडिनबराला मुलीकडे कायमचे निघाले. सामान बांधायला मी गेलो होतो. काका बाहेर व्हॅनवाल्याला फ्रिज कसा उभा ठेवायचा ते शिकवत होते. स्वयंपाकघरात काकू कप कागदात गुंडाळत होत्या, मी खोक्यात ठेवत होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी चीनचा विषय काढला. काकांसारख्या माणसाला वेशीतच कसं कळलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं, असं म्हणालो.

"कळलं होतं की," काकू म्हणाल्या. "वेशीतच."

मी हातातला कप खोक्यात न ठेवता पुन्हा ओट्यावर ठेवला.

"हॉटेलवर गेल्यावर मीच विचारलं त्यांना, ओळखलं होतंत तर बोलला का नाहीत? तर म्हणाले, तू किती खूश होतीस." त्यांनी बशीवर कागद फिरवला, कडा नीट दुमडल्या. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. "जन्मात एकदा गप्प बसले होते रे ते."

मग त्यांनी पुढचा कप उचलला आणि माझ्याकडे कागद मागितला. मी दिला.