पाचवं पीस

गल्लीत तिला सगळे काडीताई म्हणत. छत्रीची मोडलेली काडी बदलावी तर तिनेच, आणि पाखराचा मोडलेला पाय बांधावा तोही तिनेच, छत्रीच्याच काडीने. चौदा वर्षांपूर्वी एका कावळ्यापासून हे खूळ सुरू झालं आणि दुकानाच्या मागच्या खोलीत पिंजरे वाढत गेले. गिऱ्हाइकंही बेरकी. "ताई, दांडा ढिला झालाय, तेवढा बघा," म्हणत छत्री पुढे करायची आणि मग हळूच पिशवीतून कबूतर काढायचं. "आणि हे पण. दोन्ही कधी मिळतील?"

"छत्री उद्या. कबूतर त्याच्या मर्जीने."

पण या घारीपुढे तिची थट्टा आटली होती. कचरा डेपोवर साठणारा वायू जाळायला एक धुराडं होतं. भर दुपारी त्याची ज्योत दिसत नाही. घार त्यावरून गेली आणि उजव्या पंखाची पाच मोठी पिसं अर्ध्यावर जळाली. हाड शाबूत, कातडी शाबूत, फक्त उडता येईना. जुनी पिसं गळून नवी यायला आठ-दहा महिने तरी लागणार. आणि ही बया पिंजऱ्यात दहा दिवससुद्धा राहायला राजी नव्हती. जाळीवर डोकं आपटायची, भरवलेलं ओकून टाकायची. आली तेव्हा साडेसातशे ग्रॅम होती, आता सव्वापाचशे.

"समजा," डॉक्टर म्हणाले. जनावरांचे डॉक्टर, पण माणसांशी बोलताना प्रत्येक वाक्याला समजा लागायचंच. "समजा, आज भूल दिली. समजा, पंधरा मिनिटं. त्यापुढे हिचं काळीज टिकेल असं मी लिहून देणार नाही. आणि समजा आज नाही जमलं, तर दुसऱ्यांदा भूल नाही."

"मग?"

"मग... पिंजरा."

पिंजऱ्यात ती आठवडाही काढणार नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. तिसरा म्हणजे काडीताईचा नवरा, पोस्टातून निवृत्त झालेला. गेल्या महिन्यात विजेच्या तारेला चिकटून एक घार मेली होती. तिची पिसं त्यानेच पाकिटांत भरून ठेवली होती. प्रत्येक पाकिटावर छापल्यासारखा आकडा: उजवा एक ते उजवा दहा.

काम सांगायला सोपं. जळक्या पिसाचा खालचा खुंट ठेवायचा, त्याच्या पोकळीत बांबूची बारीक काडी बसवायची आणि काडीच्या दुसऱ्या टोकावर मेलेल्या घारीचं तेच पीस चढवायचं. तेच म्हणजे अगदी तेच. त्याच बाजूचं, त्याच जागेचं. प्रत्येकाची लांबी वेगळी, वळण वेगळं.

घारीची मान कलली. डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "चला."

"अहो, पाच. पाच ते नऊ लागतील."

"पाच नंबर घ्या," नवरा म्हणाला, आणि पाकीट असं सरकवलं की जणू खिडकीबाहेर रांग लागली आहे. तिने पीस मापलं, कापलं, गोंद लावला, बसवलं. हा गोंद दहा सेकंदांत दगड होतो. पाचवं झालं.

"सहा."

सहावं तिने खुंटाशी धरलं आणि तिचा हात थांबला. सहावं पाचव्याहून बोटभर लांब असायला हवं. हे आखूड भरत होतं.

"अहो, हे सहावंच आहे ना?"

"पाकिटावर काय लिहिलंय?"

"पाकिटावर राहू दे. मोजलं कुठून?"

"टोकाकडून. आणखी कुठून मोजतात?"

"टोकाकडून?"

"मग! पत्ता आपण शेवटून वाचतो. आधी गाव, मग गल्ली, मग माणूस."

"पंखाला कुठलं आलंय गाव! मी खांद्याकडून मोजते. चौदा वर्षं खांद्याकडून मोजतेय मी!"

"चौदा वर्षांत एकदा तरी बोललीस?"

"समजा," डॉक्टर घारीच्या छातीवरून नजर न हलवता म्हणाले, "हे भांडण आपण संध्याकाळी केलं तर? सहा मिनिटं गेली."

काडीताईने दोन्ही पिसांकडे पाहिलं. पाचव्याच्या जागी तिने सहावं चिकटवलं होतं, आणि खरं पाचवं हातात होतं. चिकटवलेलं काढायचं तर खुंट आणखी कापावा लागणार, आणि त्याखाली थेट कातडी. एक काडी लांब राहिलेली छत्री तिने गिऱ्हाइकाला कधी दिली नव्हती. वाऱ्यात कापड नेमकं तिथेच फाटतं.

"आठ मिनिटं, ताई."

"लागलंय ते राहू दे," ती म्हणाली. "हे सहाव्याच्या जागी जाईल. दांडा कापत नाही, लांबच ठेवते, म्हणजे टोक तेवढंच येईल. अहो, आता नीट ऐका. माझं सातवं म्हणजे तुमचं चार, ते द्या. मग तीन. मग दोन."

"चार," नवरा पुटपुटला. "मग तीन. मग दोन." त्याचा आवाज एवढा बारीक झाला होता की रांगेतल्या पहिल्या माणसालाही ऐकू गेला नसता.

शेवटचं पीस बसलं तेव्हा सोळा मिनिटं झाली होती. डॉक्टरांनी घारीच्या चोचीवरचा भुलीचा मास्क काढला. घार हलली नाही. नवऱ्याने चष्मा पुसला, पुन्हा पुसला. डॉक्टरांनी एक बोट घारीच्या छातीवर ठेवलं आणि उचललंच नाही. मग एकाएकी तिचे पाय आवळले आणि नख्या काडीताईच्या तळहातात घुसल्या.

"आई गं!" ती ओरडली आणि हसायला लागली.

तीन दिवस चिमट्याने भरवलं, निम्मं बाहेर आलं. चौथ्या सकाळी तिघं गच्चीवर गेले.

"समजा..." डॉक्टरांनी सुरुवात केली आणि वाक्य अर्ध्यावरच सोडलं.

कठड्यावर बसून घारीने तिघांकडे रागाने पाहिलं, पंख उघडले आणि उडी घेतली. ती वर गेली नाही. सरळ खाली, दोन इमारतींच्या मधल्या बोळात दिसेनाशी झाली.

नवरा पाठमोरा उभा होता. "दिसतेय?"

"नाही."

"आता?"

"नाही म्हटलं ना!"

खालून कुणीतरी आरडाओरडा केला. काडीताईने कठडा घट्ट धरला. तेवढ्यात बोळाच्या पलीकडच्या तोंडातून, पाण्याच्या टाकीला जवळजवळ घासत, ती वर आली. उजव्या पंखात एके जागी फट होती, तिच्यातून आभाळ दिसत होतं. घिरटी घेताना ती उजवीकडे कलायची आणि सावरायची.

"कलली," काडीताई तोंडातल्या तोंडात म्हणत होती. "सावरली. कलली. सावरली."

वर पाच-सहा घारी फिरत होत्या. ही त्यांच्यात शिरली. थोडा वेळ तिला फट दिसत राहिली. मग त्या सगळ्या एकदम वळल्या, आणि त्यांतली आपली कुठली, ते तिला सांगता येईना.