याकोबदादाचा दुसरा संप

बातमीदारीत हयात गेली की छापलेल्या बातम्या रद्दीत जातात आणि न छापलेले किस्से डोक्यात बिऱ्हाड करतात. भाडं देत नाहीत, जागाही सोडत नाहीत!

माझ्याकडचे बरेचसे किस्से एकाच खोलीतले आहेत. परळच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर याकोबदादा आणि त्याची बायको मार्थाबाई राहायचे. दर बुधवारी संध्याकाळी त्यांच्या खोलीत आम्हा मराठी ख्रिस्ती कुटुंबांची प्रार्थनासभा भरायची. गिरणीसंपावर आजवर ढिगाने परिसंवाद झाले, जाड जाड प्रबंध झाले. त्या खोलीत एकही विद्वान फिरकला नाही. म्हणून मलाच लिहावं लागतंय.

*

याकोबदादा साचेखात्यातला, म्हणजे मागावर कापड विणणारा. प्रार्थना करावी तर त्यानेच. आमच्या सभेत पाळीपाळीने सगळे मोठ्याने प्रार्थना करतात. त्याची पाळी आली की जिन्यात गप्पा मारणारी पोरंसुद्धा गप्प व्हायची.

संप लांबला. दादा दर बुधवारी एकच मागायचा, गेट उघडू दे. एक दिवस गेट उघडलं, नवी माणसं आत गेली आणि दादा बाहेरच राहिला. त्या बुधवारी त्याची पाळी आली तेव्हा तो उठला, स्वतःच्याच खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन बसला आणि म्हणाला, "इतके दिवस तेच मागतोय. उत्तर नाही, नोटीस नाही. आजपासनं माझं काम बंद. मी देवाशी संपावर!"

मार्थाबाईंच्या हातातलं गीतांचं पुस्तक खाली पडलं. सभा संपल्यावर त्या मला म्हणाल्या, "बातमीदार, गिरणी गेली तर जाऊ दे. हा माणूस प्रार्थनेतनं गेला तर या घरात उरलं काय?"

*

मला वाटलं, आता पाळकसाहेब खडसावणार. आमचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, नगरकडचे, हडकुळे, आवाज मात्र भोंग्यासारखा. ते उंबऱ्यापाशी जाऊन मांडी घालून बसले.

"याकोब, मागण्या काय तुझ्या?"

"त्याला माहीत आहेत."

"बरं. संप हा तुझा हक्क आहे. बायबलातली स्तोत्रं रचणाऱ्यांनीही देवाकडे तक्रारीच केल्यात." आणि त्यांनी निवाडा दिला की याकोबची पाळी आली की एका प्रार्थनेपुरता वेळ सगळ्यांनी गप्प बसायचं. त्याची पाळी दुसऱ्या कुणी घ्यायची नाही.

माझा स्वभाव भांडकुदळ. मी म्हटलं, "पाळकसाहेब, काही झालं तरी तुम्ही मालकाच्या बाजूचे!"

"अर्थात! पण बातमीदार, आमचा मालक सुतारकाम केलेला आहे. तुमच्या पेपरचा मालक कधी खिळे ठोकायला बसला होता का?"

आयुष्यात मला असं गप्प करणारी माणसं फार भेटलेली नाहीत.

*

त्या काळात गिरणगावात चार डोकी एकत्र आली की पोलिसांना मीटिंगचा वास यायचा. एका बुधवारी एक अनोळखी गृहस्थ साध्या वेशात येऊन बसले. साधा वेश कसला! चाळीतली शेंबडी पोरंसुद्धा बुटांवरून पोलीस ओळखायची.

मार्थाबाईंनी त्यांना चहा दिला, गीताचं पान काढून दिलं. पाळ्या सुरू झाल्या आणि फिरत फिरत त्यांच्यापाशी आल्या. सगळ्यांचे डोळे मिटलेले. माझे सोडून, मी बातमीदार! गृहस्थांना घाम फुटला. शेवटी त्यांनी हात जोडले.

"देवा, हा बंदोबस्त एकदाचा उठू दे. घरी जाऊन दोन दिवस झोपायचंय."

"आमेन!" खोली दणाणली आणि सगळ्यांत मोठा आमेन उंबऱ्यावरून आला.

मार्थाबाईंनी आशेने वळून पाहिलं. दादा लगेच सावरून म्हणाला, "तो आमेन कामगार म्हणून होता. माझा संप चालू आहे!"

*

"तुम्हा लोकांचं बरं असतं हो, मिशन पोसतं!" हे वाक्य आमच्या संपादकांनी भर ऑफिसात माझ्या तोंडावर फेकलं. कुणाला कोण पोसत होतं ते पाहायला हा माणूस परळला एकदाही आला नव्हता. मी टेबलावर हात आपटून जे बोललो ते इथे लिहीत नाही, पाळकसाहेब वाचतील.

पण खरंच एकदा परदेशातल्या कुठल्याशा चर्चच्या मंडळीकडून एक भलंमोठं गाठोडं आलं. चाळभर बोभाटा झाला की गहू आला, दूध पावडर आली! पाळकसाहेबांनी आधी उपकारस्तुती केली, मग दोरी कापली. आत लोकरीचे हातमोजे, कानटोप्या आणि मफलर. परळमध्ये, भर मे महिन्यात!

मार्थाबाईंनी एक हातमोजा घालून पाहिला. "प्रार्थना पोचली बघा," त्या म्हणाल्या, "पत्ता तेवढा चुकला!"

मग बायकांनी ती सगळी लोकर उसवली आणि तोरणं विणली. दारादारांतून ती खपली आणि बऱ्याच चुली पेटल्या. त्या वर्षी आमच्या चाळीत गणपती आले ते बर्फाच्या देशातल्या लोकरीच्या तोरणाखालून!

*

नाताळ आला. आमच्यात प्रीतिभोजन असतं. घराघरातून अन्न यायचं आणि सगळ्यांनी एका पंगतीला बसायचं. पण संपात आणणार काय? मार्थाबाईंनी हुकूम सोडला, "डबे झाकून आणा. सगळं एका पातेल्यात. कुणी कुणाच्या डब्यात डोकवायचं नाही."

त्या स्वतः पातेल्याशी उभ्या राहिल्या आणि डबे ओतू लागल्या. कुठे तूर, कुठे मसूर, कुठे नुसतं कालवण. मी शेजारीच होतो. एका डब्यातून निघालं फक्त गरम पाणी. मार्थाबाईंनी तेही शेवटच्या थेंबापर्यंत ओतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बरं झालं कुणी आणलं ते! रस्सा फार दाट झाला होता."

"कुणाचा डबा हो?" मी हळूच विचारलं.

"बातमीदार, ही बातमी नाही."

*

आमच्या गाण्यांना ढोलकीवर असायचे शेजारचे परबकाका. मालवणकडचे, दादाच्याच खात्यातले, चाळीच्या भजनी मंडळाचे आधारस्तंभ. त्यांचं म्हणणं एकच, "माका शब्द विचारू नकात, ताल सांगा!" गाणी संपून प्रार्थना सुरू झाली की ते ढोलकी मांडीवर घेऊन गप्प बसायचे. त्यांची पाळी नसायचीच.

*

पाळकसाहेबांची पत्नी गावी वारली. सगळं उरकून ते त्याच आठवड्यातल्या बुधवारी सभेला हजर झाले. त्यांची पाळी आली. "हे दयाळू पित्या..." इतकं म्हणाले आणि तो भोंग्यासारखा आवाज बंदच पडला. मार्थाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

उंबऱ्यावरून आवाज आला, "पाळकसाहेब, बसा तुम्ही. तुमच्या जागी मी बदली उभा राहतो."

गिरणीत कायमचा कामगार आला नाही की गेटवर थांबलेल्या बदली कामगाराला त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, उभं करत. याकोबदादा तसा उभा राहिला आणि म्हणाला, "देवा, हे पाळकसाहेब बोलतायत असं समज. माझी बायको तुझ्याकडे आलीय. तिला गर्दीत राहायची सवय नाही. सांभाळ." पुढे तो बरंच बोलला. पाळकसाहेब लहान मुलासारखे रडले. मग चहा प्यायले.

जिन्यात मी दादाला टोचलंच, "काय दादा, संप फुटला?"

"अजिबात नाही. माझ्या साच्याला मी हात लावलेला नाही. दुसऱ्याचा चालवला." मग दोन पायऱ्या उतरून म्हणाला, "जास्त दिवस बदलीवर चालू दिलं ना, तर कायमवाल्याची जागा जाते. पाळकसाहेबांना सांग, पुढच्या बुधवारी हजर व्हा."

ते झाले!

*

तेव्हापासून दादाचा रिवाज पडला. त्याची पाळी आली की विचारायचा, "आज कोण गैरहजर?" आणि त्या माणसाच्या जागी प्रार्थना करायचा. स्वतःसाठी अवाक्षर नाही.

एका बुधवारी संपादकांशी भांडून, राजीनामा फेकून मी उशिरा पोचलो. जिन्यातच दादाचा आवाज कानावर आला, "देवा, मी बातमीदार बोलतोय. तुझ्या कारभारावर माझे गंभीर आक्षेप आहेत. खुलासा उद्याच्या अंकाआधी पाहिजे!"

मी तिथेच पायरीवर बसून पोटभर हसलो. दुसऱ्या दिवशी नव्या पेपरात नोकरी मागायला गेलो तेव्हाही मी हसतच होतो.

*

गिरणीसंप मागे घेतल्याचं कुणी जाहीर केलं नाही, तो नुसता विरत गेला. गिरणी दादाची राहिली नाही. तो लालबागला मसाला कुटायच्या डंकावर कामाला लागला. बुधवारी तो आला की त्याच्या सदऱ्यातल्या मिरचीने आख्खी सभा शिंकायची! पण देवाशी त्याचा संप चालूच होता. मार्थाबाईंनी विचारणं सोडून दिलं होतं. वाट पाहणं सोडलं नव्हतं.

मग एका बुधवारी उंबरा रिकामा. दादा आतल्या पडद्याआड तापाने फणफणला होता. पाळ्या फिरल्या, त्याची पाळी आली आणि आम्ही सवयीने गप्प बसलो.

परबकाकांनी ढोलकी खाली ठेवली.

"देवा, मी परब," ते म्हणाले. "तुझ्या मस्टरार माझा नाव नाय. याकोबाच्या जाग्यार बदली इलंय. आज तो संपार नाय हां, तापान पडलो हा. गैरसमज करून घेव नको."

कुणीतरी आमेन म्हणालं. बहुतेक मीच.

पुढच्या बुधवारी दादा पडद्याबाहेर आला. अंगाला शाल, गालफडं बसलेली. उंबऱ्याकडे न जाता तो मार्थाबाईंच्या शेजारी बसला. पाळी आली. आम्ही सगळे गैरहजर कोण ते आठवू लागलो.

दादाने परबकाकांकडे पाहिलं. "मेल्या, माझ्या जागेवर बसतोस?"

मग त्याने डोळे मिटले.

"देवा, याकोब हजर आहे."

आणि परबकाकांनी, गाणं नव्हतं काही नव्हतं, ढोलकीवर थाप मारली.