कल्हई लावलेलं पातेलं

नानाभाऊ गेल्याची बातमी मला शाळेत, तिसरीला भूगोल शिकवताना कळली. त्यांचे मेहुणे वर्गाच्या दारात उभे राहिले, टोपी हातात. "मास्तर, नानाभाऊ गेले. दुकानात गादीवरच छातीत कळ आली..." अशा वेळी माणसाला आधी रडू येतं. माझ्या ओठांवर आधी प्रश्न आला, "सकाळी चहा प्याले होते का?" तो विचारला नाही, एवढंच माझं शहाणपण.

ही भीती अकरा वर्षांची. चांदनी स्टेशनावर गाडी अडकली होती, तेव्हा अमृतसरकडच्या एका व्यापाऱ्याने मला हिरव्या चहाची पुडी दिली. दूध नाही, साखर नाही. पोट हलकं राहतं, डोकं ताजं राहतं, जेवणानंतरची सुस्ती जाते, एवढंच तो म्हणाला. आमच्या पेठेत, लोधीपुऱ्यात, पोचेपर्यंत मी त्यात दमा, सांधेदुखी आणि टक्कल यांची भर घातली होती. नानाभाऊंचं जरीच्या कापडाचं दुकान. दिवसभर बैठक, ताटात तुपाची धार आणि सतत ढेकरांची तक्रार. ते लगेच शिष्य झाले, आणि त्यांना गुणही आला. दुपारची झोप सुटली, नदीवरच्या राजघाटापर्यंत चालत जाऊ लागले. गुरूच्या घशाखाली मात्र तो कडू काढा उतरेना. माझा पेला रोज हळूच त्यांच्या अंगणातल्या तुळशीत जाई. तुळस तरारली.

त्याच उन्हाळ्यात गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. पाणी उकळून प्या अशी दवंडी फिरली आणि माझ्या चहाला भलताच मान आला. एका दुपारी मला वाटलं, आज जोरदार करू. नानाभाऊंच्या बायकोने, काशीवहिनींनी, कल्हईवाल्यासाठी दाराशी काढून ठेवलेलं मोठं पितळी पातेलं मीच उचललं, त्यात चहा उकळला, वर चार लिंबं पिळली आणि गुण उतरावा म्हणून तासभर झाकून ठेवला. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात आंबट ठेवू नये, ते कळकून विषारी होतं, हे घराघरातल्या पोरींना ठाऊक, मला नव्हतं. नानाभाऊ दोन पेले प्याले. मी तुळशीकडे जाऊन परतलो, तर ते मोरीवर ओणवे. उलटीमागून उलटी, हातपाय गार. वहिनींनी देव्हाऱ्याकडे पाहिलं, मी दाराकडे. "वैद्यांना पाठवतो," म्हणालो. वैद्यांना रस्त्यावरूनच हाक मारली आणि तडक घर गाठून कडी लावली. पोटात जरा गुडगुडलं की वाटे, आली पटकी...

सकाळी लाज भीतीपेक्षा थोडी मोठी झाली. गेलो. गल्लीच्या तोंडाशीच थांबलो. नानाभाऊंच्या दारासमोर, रस्त्यावर, आग पेटलेली. आगीवर भांडं, भोवती चार माणसं. घराबाहेर पाणी कशासाठी तापवतात, ते कुणाला सांगायला नको. भिंत धरून उभा राहिलो... पुढे जाववेना, मागे वळवेना. इतक्यात नवसागराचा पांढरा धूर नाकात गेला. तो कल्हईवाला होता! आणि ओट्यावर पांढरेफटक, पण बसलेले नानाभाऊ.

"या मास्तर! पटकी नव्हती, तुमचं पातेलं होतं. वैद्यांनी तळ पाहूनच सांगितलं. बसा, कल्हई झाली की चहा ठेवू."

मी पळालो, त्याबद्दल ते त्या दिवशी एक अक्षर बोलले नाहीत. नंतर अकरा वर्षांतही नाहीत. रोज संध्याकाळी आमचा चहा, आणि रोज मला धास्ती, आज विचारतील...

तेरावं झाल्यावर वहिनींकडे गेलो. धीर करून म्हटलं, "वहिनी, ते गेले त्या सकाळी चहा..."

"नाही हो. एकटे कधीच नाही प्याले. तुमच्यासोबतच घ्यायचे न."

"आणि मी पळालो होतो, त्याचं कधी..."

"म्हणायचे न. मास्तरांच्या घरी तीन लेकरं, पळाले ते बरोबरच केलं. विचारायचं नाही, म्हणायचे, नाही तर यायचे बंद होतील. तुळशीचंही मला विचारू दिलं नाही कधी."

वहिनी उठल्या आणि ते पातेलं आणून माझ्यापुढे ठेवलं. "घेऊन जा. गेल्याच महिन्यात त्यांनी समोर बसून कल्हई करून घेतली."

आता ते माझ्या घरी आहे. संध्याकाळी पाणी ठेवण्याआधी मी ते दारात उजेडाला धरतो, तळ बोटाने चाचपतो. पितळेचं पिवळं कुठे दिसत नाही, तरी पुन्हा एकदा फिरवून बघतो. मग दोन पेले भरतो. तुळस आमच्याही अंगणात आहे. तिच्याकडे पाठ करून मी माझा पेला संपवतो... आणि मग त्यांचाही.