सुखदेवभाऊंची फिटकरी

सुखदेवभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात तांदळाच्या गाडीची बिल्टी बनवत होतो. फुलचूरच्या नाक्यावर दोन खुर्च्यांचं सलून चालवणारा हा माणूस दुपारी गिऱ्हाईक नसताना आपल्याच खुर्चीवर बसला आणि बसल्या बसल्या गेला... महिना होत आला. दुःख आहेच, पण त्यांची आठवण आली की रडण्याआधी अंगात उत्साह शिरतो आणि भेटेल त्याला धरून सांगावंसं वाटतं. म्हणून आज सगळंच लिहितो. बायकोची परवानगी घेतली आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी ट्रक चालवायचो. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. एका लांबच्या खेपेत, ढाब्यामागच्या खोलीत, जे करायचं नव्हतं ते केलं, आणि तेही निरोध न वापरता. काही दिवसांनी नको त्या जागी फोड उठला. दुखत नव्हता, खाजत नव्हता. डॉक्टरकडे जायची लाज वाटली, पण सलूनमध्ये लाज कसली? आमच्याकडचे गडी असली दुखणी आधी तिथेच नेत. सुखदेवभाऊंनी पडद्यामागे नेऊन पाहिलं, फिटकरीचा, म्हणजे तुरटीचा, खडा हातात दिला आणि म्हणाले, "सकाळ-संध्याकाळ लाव. साफ होते." आणि झालाच की साफ! मी खूश, तेही खूश. मिलमधले हमाल, ड्रायव्हर, शिकलेसवरलेले बाबू, असे किती तरी जण त्या फिटकरीने बरे झाले होते. निदान आम्हा सगळ्यांना तसं वाटत होतं.

सहा महिने गेले असतील. सरकारी दवाखान्यातल्या एका सिस्टरने न्हाव्यांची बैठक घेतली, सलूनमध्ये निरोध ठेवा म्हणून सांगायला. सुखदेवभाऊंनी मोठ्या ऐटीत आपल्या फिटकरीची गोष्ट सांगितली. सिस्टर म्हणाली, "भाऊ, तो गरमीचा फोड काही न लावताही भरतो. रोग रक्तात राहतो, बायकोला होतो, पोटातल्या बाळाला होतो." बैठक संपायची वाट न पाहता हा माणूस उठला, दुकानाचं शटर ओढलं आणि सायकलवर निघाला! ज्यांना ज्यांना खडा दिला त्यांना शोधायला. कुठे काही लिहून ठेवलेलं नव्हतं. कोणाच्या मानेवर तीळ, कोणाच्या डोक्यात दोन भोवरे, एवढ्याच खुणा. नागऱ्यापर्यंत गेले, केशोरीला तर एसटीने गेले.

माझ्याकडे आले तेव्हा घामाने निथळत होते. मला गाडीआड ओढलं. "बाबू, माही फिटकरी खोटी निघाली गा! जखम भरते, बिमारी अंदर राहते. तुह्या घरी कितवा महिना?"

"पाचवा," मी म्हणालो.

"मंग कायले उभा आहेस? दोघंही चला. इंजेक्शन आहे, फुकट आहे. एकटा घेशील तं काही फायदा नाही."

"भाऊ, तिला तुम्हीच सांगा ना..."

"मी नाही सांगणार. माही चूक मी सायकलवर घेऊन फिरून राहिलो. तुही तू सांग."

दोन दिवस मी टाळलं. रोज ते सायकलची घंटी वाजवत घरापुढून जायचे, थांबायचे नाहीत, बोलायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी मी बायकोला, पौर्णिमाला, सांगितलं. पौर्णिमाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "दवाखाना किती वाजता उघडते?" एवढंच विचारलं. तिच्याही रक्तात निघालं. दोघांनी इंजेक्शनं घेतली, पुन्हा पुन्हा रक्त तपासलं. आणि मुलगी झाली, धडधाकट, अख्खा वॉर्ड डोक्यावर घेणारी! मी सलूनमध्ये पेढे घेऊन पळत गेलो, तर सुखदेवभाऊंनी अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला तसंच सोडून मला मिठी मारली.

त्यानंतर पौर्णिमाने तो विषय कधीच काढला नाही. मीही नाही.

दहाव्याला आम्ही दोघं नदीवर गेलो. मुंडणाला मुलगा बसला, पुतण्या बसला. मग एक म्हातारा हमाल पुढे येऊन बसला. त्याच्यामागे एक ड्रायव्हर, मग इस्त्रीच्या शर्टातले एक साहेब. या तिघांत रक्ताच्या नात्याचं कोणी नव्हतं. तरी कोणी कोणाला विचारलं नाही, की तुम्ही यांचे कोण. सुखदेवभाऊंनी कोणाचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं, आणि आता ही खडा घेतलेली माणसं आपणहून रांग लावत होती! मी मागेच उभा. बसलो असतो तर सगळ्या गावाला कळलं असतं. पौर्णिमाने बायकांमधून मला पाहिलं.

मी जाऊन बसलो.

घरी तिने आंघोळीचं पाणी काढलं. ओल्या टकलावरून तिचा हात फिरला आणि तिथेच थांबला. "मी तुम्हाले माफ केलं का, कधी विचारलं नाही तुम्ही."

"केलंस?"

"आज केलं," ती म्हणाली. "चारचौघांत जाऊन बसले तेव्हा."

केस आता नखभर वाढले आहेत. तरी माझा हात सारखा डोक्यावर जातो.