केसांना तेल लावणारे भाऊजी

टक्कल पडल्यावर केसांची एवढी निगा राखणारा माणूस जगात एकच झाला असेल, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. भाऊजी न्यूझीलंडमध्ये जॉन्सनव्हिलला फार्मासिस्ट होते, पण खरं वेड रायफलचं. हरीण सोडाच, अंड्यालाही कधी हात लावला नाही. शनिवारी क्लबात जाऊन कागदावर नेम धरायचे. तयार काडतुसं विकत आणणं त्यांना बाहेरून वरणभात मागवण्यासारखं वाटे. गोळी उडाल्यावर मागे राहतं ते पितळी कवच, म्हणजे केस; ते गोळा करून गॅरेजमध्ये त्यात पुन्हा दारू-गोळी भरायचे. 'केसेस' म्हटलेलं खपायचं नाही. "केसेस कोर्टात असतात. हे माझे केस." सांगलीहून आईचा फोन आला, जावईबापू कुठायत म्हणाली, तर मी आपलं खरं ते सांगितलं, "केसांना तेल लावतायत." आईने हळूच विचारलं, "उगवायला लागले का गं?"

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नववीत शाळा सोडलेली मी, ताईने बोलावून घेतलं म्हणून तिथे गेलेली, आणि सगळ्याची धास्ती. गॅरेजमध्ये तेवढी वाटत नसे, कारण भाऊजी मला सगळं समजेल असं धरूनच बोलत. उडालेला केस रायफलच्या आतल्या जागेएवढा फुगतो, तो साच्यात दाबून मापात आणायचा. तेल कमी पडलं तर अडकतो, जास्त झालं तर मानेखालच्या खांद्याला पोचा येतो. थोडा दाबायचा, रायफलमध्ये घालून बघायचा, रायफलचा बोल्ट, म्हणजे मागची कडी, सहज लागला की थांबायचं. "पार कारखान्याच्या मापाला का नाही आणत?" मी विचारलं. "अगं, डोस लागेल तेवढाच. दर वेळी उगाच चेपला तर ताणून ताणून बुडाशी फाटेल बिचारा."

मग एका बेकरीत मला एक दिवस काम करून दाखवायला बोलावलं. जमलं नाही तर सांगलीला परत जायचं, आणि परत जाण्यासारखं तिकडे काही उरलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी ताई कात्री घेऊनच बसली. वेणी कापायची, शरयूऐवजी 'शेरी' सांगायचं, प्रत्येकाला 'मस्त' या अर्थाचं तिकडचं 'स्वीट अ‍ॅज' म्हणायचं. घाबरून मी सगळ्याला हो म्हणत होते. तेवढ्यात गॅरेजमधून भाऊजी ओरडले, "फार वाढलेत! कापायलाच हवेत!"

त्यांचंही तेच मत म्हटल्यावर मी मुकाट्याने वेणी सोडली.

भाऊजी माप घ्यायचा कॅलिपर घेऊन आत आले आणि कात्री बघून दचकले. "हे काय चाललंय?"

"तुम्हीच म्हणालात ना, कापा म्हणून!" ताई म्हणाली.

"अगं, पितळेचे! दाबले की लांब होतात ते!" मग बेकरीची टोपी उचलून माझ्याकडे वळले. "अंबाडा घाल बघू." मी घातला. त्यांनी वरून टोपी बसवली, अगदी बोल्ट लावावा तशी हलक्या हाताने. "बसली. आता पुढे दाबायचं नाही. नाव काय सांगशील?"

"शरयू."

"झालं तर."

सकाळी पहिल्याच गिऱ्हाईक बाई "किया ओरा" असं माओरीतलं अभिवादन करत आत आल्या, आणि गडबडून माझ्या तोंडून "नमस्कार" गेलं. बाईंनी कान पुढे केला, मला पुन्हा म्हणायला लावलं, स्वतः म्हणून पाहिलं, आणि पाव घेऊन हसत गेल्या. मालकीण आतून म्हणाली, उद्या याच वेळेला ये.

मी वर पाहिलं. काचेपलीकडे भर वाऱ्यात, पायात जँडल्स म्हणजे रबरी चपला, आपल्या कामाला उशीर करून भाऊजी उभे होते. नजरानजर झाली तसे काही विसरल्यासारखं करून लगबगीने निघून गेले. आता ते नाहीत. त्या सकाळी किती वेळ उभे होतात, हे विचारायचं माझं राहूनच गेलं.